वडिलांना हंटिंग्टन आहे आणि आता माझ्या हातून वस्तू पडतायत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई ३१ वर्षांच्या, नोकरी पुण्यात, घर सांगलीला. वडिलांना पन्नाशीत हंटिंग्टनचं, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, निदान झालं. आजोबाही शेवटी शेवटी ‘प्यायल्यासारखे चालायचे’ असं घरात बोललं जातं. गेले दोन-अडीच महिने बाईंची डावी पापणी फडफडते, पोटरीत काहीतरी उडतं, दोनदा चहाचा कप हातातून निसटला, मीटिंगमध्ये ऐनवेळी शब्द आठवत नाही, घरच्यांवर चिडचिड होते. रात्री झोप नाही, आणि झोप नाही म्हणून मोबाईलवर लक्षणं वाचत बसणं. त्यांनी विचारलंय: ही सुरुवात आहे का? घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबकडून जनुकीय तपासणी करून टाकू का? आणि लग्नाचं बोलणं चाललंय, ते थांबवू का?

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे आणि हालचालींचे आजार हेच माझं रोजचं काम. तुम्हाला न तपासता ‘तुम्हाला काही नाही’ असं लिहिणं मला शक्य नाही, आणि कोणी तसं लिहिलं तर त्यावर विश्वासही ठेवू नका. पण तुम्ही जे लिहिलंय त्यातून बरंच काही सांगता येतं.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या मनात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. पहिला, मला आज जे होतंय ते हंटिंग्टनचं लक्षण आहे का. दुसरा, वडिलांकडून ते जनुक माझ्याकडे आलंय का. पहिल्याचं उत्तर तपासणीच्या खोलीत, अर्ध्या-पाऊण तासात, बहुतेक वेळा रक्ताचा एक थेंबही न घेता मिळतं. दुसऱ्याचं उत्तर रक्तातून मिळतं, ते जन्मभराचं असतं आणि एकदा कळलं की परत करता येत नाही. पापणी फडफडते म्हणून घाबरून थेट दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. काहींचं जनुक सदोष निघालं, आणि पापणी मात्र झोप सुधारल्यावर थांबली. म्हणजे ज्या त्रासासाठी तपासणी केली तो त्या आजाराचा नव्हताच. पण आता आयुष्यभराची बातमी हातात, आणि ती पेलायची कसलीच तयारी नाही. हे तुमच्या बाबतीत होऊ नये, एवढ्यासाठी हे लांबलचक उत्तर.

आता तुमची लक्षणं.

पापणी फडफडणं आणि पोटरीत उडणं हे स्नायूच्या थोड्या तंतूंचं आपोआप आकसणं असतं. कातडीखाली वळवळ दिसते, पण सांधा हलत नाही. जागरण, चहा-कॉफी आणि काळजी, ही त्याची नेहमीची कारणं. हंटिंग्टनमधली हालचाल वेगळी दिसते. तिला कोरिया म्हणतात. तिच्यात बोटं, मनगट, खांदा, भुवया, पायाचे अंगठे असं काहीतरी प्रत्यक्ष हलतं. एका ठिकाणी झालं की दुसरीकडे सरकतं, त्याला ताल नसतो. सुरुवातीला पेशंट नकळत ती हालचाल झाकतो: हात उडाला की तोच हात केसांवरून फिरवतो, पदर सारखा करतो, शर्टाची कॉलर नीट करतो. समोरच्याला वाटतं, माणूस जरा अस्वस्थ स्वभावाचा आहे.

तुमच्या वर्णनात मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही, की सगळं तुमच्याच लक्षात आलंय. हंटिंग्टनमध्ये बहुधा उलटं असतं. मेंदूच्या ज्या भागांवर आजाराचा परिणाम होतो, त्यामुळे स्वतःच्या हालचालींची जाणीवच कमी होते. एक गृहस्थ आठवतात, बायकोने जवळजवळ ओढत आणलेले. ‘मला काही होत नाही, हिलाच काळजीची सवय आहे,’ असं शांतपणे सांगत होते, आणि तेवढ्यात त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर पेटी वाजवल्यासारखी चालली होती. बायको सांगत होती: जेवताना ताटाभोवती सांडतं, एकाच पायाची चप्पल झिजते, आणि बँकेचं काम जे पूर्वी दहा मिनिटांत व्हायचं त्याला आता सकाळ जाते. त्यातलं एकही त्यांना जाणवलं नव्हतं. स्वतःला लक्षण जाणवलं म्हणजे आजार नाहीच, असा उलटा नियम मात्र करता येत नाही. काहींना सुरुवातीपासून कळतं, विशेषतः ज्यांनी घरात हा आजार जवळून पाहिलाय त्यांना.

कप निसटणं. दोन-अडीच महिन्यांत दोनदा, हे तसं कोणाच्याही हातून होईल. वारंवार होत असेल तर मी आधी मनगटातली नस दबतेय का ते बघेन, कारण तुमचं काम लॅपटॉपवर. रात्री हाताला मुंग्या येतात का, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात का, हे बघा. बी-१२ची कमतरता आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, इतकी सर्रास आहे की ती न तपासता पुढे जाऊच नये. शब्द न आठवण्याबद्दल म्हणाल तर हंटिंग्टनमध्ये सुरुवातीला जास्त बिघडते ती कामाची आखणी, विचारांचा वेग, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं. नेमका शब्द ओठांवर येऊन अडणं हे महिनोन् महिने अपुऱ्या झोपेत कुणालाही होतं.

चिडचिडीवर मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. चिडचिड, उदासी, कशातच रस न वाटणं ही या आजारात हालचालींच्या कितीतरी वर्षं आधीही येऊ शकतात. पण ज्या घरात वडिलांची शुश्रूषा चालू आहे, त्या घरातल्या जनुक नसलेल्या मुलांमध्येही हे सगळं मी तितकंच पाहतो. तुम्ही झोपत नाही आहात, वडिलांकडे पाहताना स्वतःचं भविष्य दिसतंय असं तुम्हाला वाटतंय, आणि हे कोणाशी बोलताही येत नाही. चिडचिड व्हायला एवढं पुरेसं आहे. कारण कोणतंही असो, उपचार दोन्हीकडे लागू पडतात, तेव्हा त्यासाठी जनुकाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही.

माझ्याकडे आलात तर मी काय बघेन ते सांगतो, म्हणजे भीती थोडी कमी होईल. बोलता बोलता तुमचे हात आणि पावलं बघेन, चप्पल काढायला सांगून, कारण पहिली हालचाल पुष्कळदा पायाच्या बोटांत सापडते. मग डोळे मिटून, हात पुढे करून १०० मधून ७ वजा करत जायला सांगेन. मेंदू हिशेबात गुंतला की लपलेली हालचाल बाहेर येते. जीभ बाहेर काढून दहा सेकंद तशीच ठेवायची. हंटिंग्टनमध्ये ती आपोआप आत जाते. माझी दोन बोटं तुमच्या हातात देऊन घट्ट धरायला सांगेन. पकड सतत राहते की सैल-घट्ट होते, ते मला कळतं. नजर एका बोटावरून दुसऱ्यावर झटकन न्यायची, डोकं न हलवता आणि पापणी न मिटता. टेबलावर मूठ, हाताची कड, तळवा असं ओळीने करत राहायचं. शेवटी टाचेला अंगठा लावत एका रेषेत चालायचं. हे सगळं ठीक असेल, तर आज तुमच्यात या आजाराची हालचालींची लक्षणं नाहीत असं मी बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. ‘आज’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पुढच्या वर्षाचं यातून कळत नाही. म्हणून जोखमीतल्या माणसांना मी वर्षातून एकदा दाखवून जायला सांगतो, आणि मधल्या काळात आरशासमोर स्वतःची परीक्षा घेणं बंद करायला सांगतो. रोज जीभ काढून बघितली की ती थरथरणारच.

त्याच भेटीत थायरॉईड, बी-१२, साखर, कॅल्शियम यांच्या साध्या तपासण्या करून घ्याव्यात. आणि औषधांची पूर्ण यादी दाखवावी, ॲसिडिटीच्या गोळ्यांसकट. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड सर्रास असतं, लोक ती महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घेतात, आणि त्यातून तोंडाच्या, हातापायांच्या हालचाली किंवा थरथर सुरू होते. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही त्याच जातीचं. हंटिंग्टनच्या घरातल्या माणसाला असं झालं तर सगळ्यांची खात्रीच पटते की आजार आला, आणि औषधाकडे कोणी बघत नाही. तपासणीत खरोखर काही हालचाल सापडलीच, तर विल्सन्ससारखे (यात शरीरात तांबं साठतं) उपचार असलेले आजारही वगळायला हवेत.

एक सावधगिरी. कोणी डॉक्टर इतर रक्ताच्या तपासण्यांबरोबर हंटिंग्टनची जनुकीय तपासणीही चिठ्ठीवर लिहून देतील. तपासणीत लक्षणं सापडली नसतील, तर ती थांबवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

आता दुसरा प्रश्न, जनुकाचा. जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टरने १८७२ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाच तो पिढ्यान् पिढ्या उतरतो हे त्याने लिहून ठेवलं होतं. त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टर. त्यांनी लाँग आयलंडवरची तीच घराणी पाहिली होती. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठी हा आजार असलेली फार मोठी कुटुंबं आहेत. त्यांच्या मदतीने १९८३ साली जनुकाची जागा चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं आणि १९९३ साली जनुक सापडलं. त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. २६ वेळांपर्यंत असतील तर काही नाही. २७ ते ३५ मध्ये सहसा आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत संख्या वाढू शकते. ३६ ते ३९ मध्ये होईलही, नाहीही. ४० किंवा जास्त असतील तर सामान्य आयुर्मानात आजार होतोच. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. भावाला आलं म्हणून तुमची शक्यता कमी होत नाही, आणि चेहरा वडिलांवर गेला म्हणून वाढतही नाही. घरोघर हे दोन्ही समज भेटतात.

संख्या जास्त तसा आजार लवकर, हे एकंदरीत खरं. पण एखाद्या माणसाला अमुक वयात सुरू होईल असं त्या आकड्यावरून सांगता येत नाही. तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की वडिलांकडून आलेलं जनुक पुढच्या पिढीत वाढतं आणि आजार लवकर येतो. असं होतं, पण दर वेळी होत नाही, आणि अनेकदा फरक थोडाच असतो.

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा रिपोर्ट घरातल्या कुठल्याशा फाईलमध्ये आहे आणि तुम्ही तो पाहिलेला नाही. माझ्या दृष्टीने पहिलं काम हेच: ती फाईल काढा. त्यात सीएजीची संख्या लिहिलेला जनुकीय रिपोर्ट आहे, की फक्त एमआरआय आणि डॉक्टरांचं मत? आपल्याकडे पुष्कळ निदानं नुसती बघून झालेली असतात. हंटिंग्टनसारखे दिसणारे दुसरे आनुवंशिक आजार आहेत. स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सियाचे (यात चालताना तोल जातो) काही प्रकार त्यातलेच, आणि ते भारतात कमी नाहीत. वडिलांचा आजार प्रत्यक्षात तसला एखादा असेल, तर तुमचा हंटिंग्टनचा रिपोर्ट चांगला येऊनही त्याचा काही अर्थ नसेल. म्हणून रक्त आधी आजारी माणसाचं तपासायचं, तेही त्यांच्या संमतीने.

घरी येऊन रक्त नेणाऱ्या पॅकेजबद्दल माझं स्पष्ट मत: करू नका. एक तर ‘सगळी जनुकं तपासतो’ असं सांगणाऱ्या एक्सोम तपासणीत या तीन अक्षरांची पुनरावृत्ती भरवशाने मोजली जात नाही. त्यासाठी वेगळी, खास याच जनुकाची चाचणी लागते. ‘काही सापडलं नाही’ असा एक्सोमचा रिपोर्ट घेऊन निश्चिंत झालेल्या कुटुंबांना पुन्हा सगळं समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली आहे. आणि दुसरं, हा निकाल ईमेलवर वाचायचा नसतो. लक्षणं नसलेल्या माणसाच्या तपासणीसाठी जगभर एक रीत ठरली आहे: आधी जनुकीय समुपदेशकाशी बोलणं, मनाच्या स्थितीचा अंदाज, विचार करायला मधे वेळ, मग रक्त, मग समोर बसून निकाल, सोबत विश्वासातलं माणूस, आणि नंतरही भेटी. कुठल्याही टप्प्यावर मागे फिरता येतं. रक्त दिल्यावरसुद्धा निकाल नको म्हणता येतं. १८ वर्षांखालच्या, लक्षणं नसलेल्या मुलांची तपासणी करत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत आणि मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांच्या जनुकीय विभागांत हे नीट होतं.

तपासणी करावी की नाही, हे मात्र मी सांगणार नाही. जगभरात जोखमीतली बहुतेक माणसं ती करत नाहीत, आणि त्यांना भित्रं म्हणणं चूक आहे. काहींना अनिश्चिततेपेक्षा वाईट बातमी परवडते. काहींना मूल होण्याचा निर्णय घ्यायचा असतो. काहींना उमेद टिकवायला ते न कळणंच बरं वाटतं. घाई करण्याचं वैद्यकीय कारण आज तरी नाही, कारण लक्षणांआधी घेऊन आजार लांबवता येईल असं मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. टेट्राबेनाझिनसारखी औषधं हालचाली कमी करतात; उदासीवर, झोपेवर, गिळण्याच्या त्रासावर बरंच करता येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मेंदूत थेट दिल्या जाणाऱ्या एका जनुकीय उपचाराने आजाराचा वेग कमी झाल्याची बातमी आली. तीत आशा आहे, पण ती मोजक्या पेशंटवरची होती. २०२१ मध्ये अशाच आशा लावलेल्या टोमिनर्सेन या औषधाचा मोठा अभ्यास मधेच थांबवावा लागला होता. बातम्या वाचा, पण त्यावरून निर्णय नको. वर्षा-दोन वर्षांत चित्र बदललं तर तपासणीचा विचार नव्याने करता येईल.

म्हणजे क्रम असा होतो: झोप आणि काळजीवर उपचार लगेच, न्यूरॉलॉजिस्टची भेट येत्या महिन्यात, वडिलांची फाईल त्याआधी, आणि जनुकाचा निर्णय सावकाश, मन थाऱ्यावर असताना. आयुष्याच्या विम्याचा विचार असेल तर तो तपासणीच्या आधी करा, आणि फॉर्ममध्ये घराण्यातल्या आजाराबद्दल विचारलं असेल तर खरंच लिहा. जगणं नकोसं वाटण्याइतकं मन खचत असेल, तर यातल्या कशाचीही वाट न पाहता आजच घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं.

लग्नाबद्दल. तुमची पत्रिका आणि पगार बघणाऱ्या अख्ख्या गोतावळ्याला घराण्यातला आजार सांगत बसायची गरज नाही. पण ज्याच्याशी लग्न करणार त्याला, लग्नाच्या आधी, तुम्ही स्वतः सांगावं असं मला मनापासून वाटतं. मध्यस्थामार्फत नको. बैठकीत सगळ्यांसमोरही नको. ‘माझ्या वडिलांना हा आजार आहे, मला तो होण्याची शक्यता निम्मी आहे, मी तपासणी केलेली नाही आणि करेन की नाही ते ठरलेलं नाही,’ एवढं पुरे. त्याला प्रश्न असतील तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. हे सांगितल्यावर मोडलेली लग्नं मला माहीत आहेत. न सांगता झालेली आणि मग सासऱ्यांचा आजार जावयाला शेजाऱ्यांकडून कळलेलीही माहीत आहेत, आणि त्या घरांतला राग वर्षानुवर्षं गेला नाही. लग्नासाठी तपासणी करूनच ये, असं मुलाकडचे म्हणाले तर मात्र ऐकू नका. दबावाखाली दिलेली संमती चांगलं केंद्र स्वीकारतही नाही.

मुलांची काळजी आत्तापासून वाटते असं तुम्ही लिहिलंय. आयव्हीएफ करून, सदोष जनुक नसलेला भ्रूण निवडून तो गर्भाशयात ठेवता येतो. गर्भ राहिल्यावर साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेच्या पेशी तपासता येतात. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा आनुवंशिक आजारासाठीच्या अशा तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. स्वतःचा निकाल न कळता भ्रूण तपासण्याची वाटही आहे, पण ती गुंतागुंतीची आणि खर्चाची. मूल दत्तक घेणारी किंवा मूल नको म्हणणारी जोडपीही मला भेटतात, आणि कुठलाही विचार न करता नैसर्गिकरीत्या आई-वडील झालेलीही.

राहिला तुमचा २४ वर्षांचा भाऊ. ‘त्याला अजून काही सांगितलेलं नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात ओझरतं आलंय, पण त्यावर घरात बोलायला हवं. वडिलांच्या आजाराचं नाव आणि तो आनुवंशिक आहे एवढं त्याला कळायला हवं, कारण त्याच्याही आयुष्याचे निर्णय त्यावर आहेत. तुमचा स्वतःचा निकाल मात्र तुमचाच. तुम्ही कधी तपासणी केलीत आणि तो विचारू लागला, तरी त्याला सांगायची जबाबदारी तुमच्यावर नाही.

भेटीला येताना वडिलांची फाईल, औषधांची यादी आणि तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखणारं एक माणूस सोबत आणा. बहीण, मैत्रीण, आई, कोणीही. घरातल्या लग्ना-मुंजीचे जुने व्हिडिओ असतील तर तेही मोबाईलवर घ्या, ज्यात वडील आजाराआधी चालता-बोलताना दिसतात आणि तुम्हीही दिसता. त्यांची सुरुवात नेमकी कधी झाली आणि तुमची आजची चाल पूर्वीसारखीच आहे का, हे त्यावरून डॉक्टरांना पुष्कळदा कळतं.